अठरा हंगाम आणि एक बारावा डाव

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम वसंत ऋतूत सुरू होतो आणि ऑक्टोबरात वर्ल्ड सीरिज या अजिंक्यपदाच्या मालिकेने संपतो. दोन लीगचे विजेते संघ समोरासमोर येतात आणि सातपैकी चार सामने आधी जिंकणारा अजिंक्य ठरतो. १९०३ पासून चालत आलेल्या या मालिकांमध्ये नाट्याला कधी तोटा पडला नाही. तरीही १९२४ च्या मालिकेचे स्थान काहीसे वेगळे आहे. त्या मालिकेचा नायक त्याआधीच्या सहा दिवसांत दोन सामने हरला होता, वयाच्या सदतिशीला टेकला होता, आणि सातव्या सामन्याच्या आरंभी संघातही नव्हता. त्याचे नाव वॉल्टर जॉन्सन. बेसबॉलच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ पिचरांमध्ये, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंमध्ये, त्याची गणना आजही होते.

जॉन्सनचा जन्म ६ नोव्हेंबर १८८७ रोजी कॅन्सस राज्यातील हम्बोल्टजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतीने साथ दिली नाही, तेव्हा हे कुटुंब कॅलिफोर्नियातील ऑलिंडा या तेलविहिरींच्या वस्तीत येऊन राहिले. तेथेच वॉल्टर बेसबॉल खेळू लागला. उंच बांधा आणि विलक्षण लांब हात ही त्याला निसर्गाने दिलेली देणगी होती. खांद्यावरून नव्हे, तर कमरेच्या बाजूने हात फिरवून तो चेंडू सोडत असे. हालचाल इतकी संथ वाटे, की चेंडूच्या वेगाचा अंदाज फलंदाजाला यायचाच नाही. पुढे आयडाहो राज्यातील वाइझर या छोट्या गावात टेलिफोन कंपनीत नोकरी करता करता तो गावच्या संघाकडून खेळू लागला आणि त्याची कीर्ती पूर्वेकडे पोहोचली.

वॉशिंग्टन सिनेटर्स हा अमेरिकन लीगमधला त्या काळचा दुबळा संघ. त्याने १९०७ मध्ये आपला जखमी कॅचर क्लिफ ब्लँकनशिप याला नव्या खेळाडूंच्या शोधात पश्चिमेकडे पाठवले. करार करण्यापूर्वी, जमले नाही तर घरी परतण्याच्या रेल्वेभाड्याची हमी जॉन्सनने मागून घेतली, असे सांगतात. २ ऑगस्ट १९०७ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध पहिला सामना खेळला. वॉशिंग्टन तो सामना २-३ असा हरले. पण टाय कॉबसारख्या नामांकित फलंदाजालाही त्या दिवशी या पोराच्या चेंडूवर बॅट फिरवण्याऐवजी ती नुसती आडवी धरून चेंडू हळूच टोलवण्याचा मार्ग पत्करावा लागला. परतीच्या भाड्याची गरज पुढे कधीच पडली नाही.

यानंतरची सतरा वर्षे हा एक विचित्र हिशेब आहे. १९०८ च्या सप्टेंबरात त्याने न्यूयॉर्कच्या संघाला चार दिवसांत तीन वेळा एकही धाव न देता हरवले. मधल्या रविवारी खेळाला बंदी होती, एवढीच काय ती विश्रांती. १९१३ मध्ये त्याने ३६ सामने जिंकले, फक्त ७ गमावले आणि सलग ५५ पेक्षा अधिक डाव प्रतिस्पर्ध्याला धाव मिळू दिली नाही. मात्र याच जॉन्सनच्या खात्यावर १९०९ च्या हंगामात १३ विजय आणि २५ पराभव लागले, कारण त्या वर्षी वॉशिंग्टनने ११० सामने गमावले होते. पिचर कितीही थोर असला तरी आपल्या संघासाठी धावा एकटा काढू शकत नाही. कारकिर्दीत त्याने १-० अशा फरकाने ३८ सामने जिंकले आणि २६ गमावले. या दोन आकड्यांत त्याचे सामर्थ्य आणि त्याच्या संघाचे दारिद्र्य दोन्ही दिसते.

न्यूयॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फिया येथील खेळाडू एकामागून एक अजिंक्यपदे मिरवत असताना लीगमधला हा सर्वांत वेगवान पिचर मात्र ऑक्टोबरात घरी बसून असे. तेव्हाच्या नियमानुसार खेळाडू संघमालकाशी बांधलेला होता. मनात आले म्हणून दुसऱ्या संघात जाता येत नसे. १९१४ च्या अखेरीस एकदाच दार उघडले. फेडरल लीग ही नवी स्पर्धक संघटना भरघोस रकमा देऊन खेळाडू पळवीत होती आणि तिच्या शिकागो संघाशी जॉन्सनने करारही केला. वॉशिंग्टनचे क्लार्क ग्रिफिथ यांनी त्याची भेट घेऊन मन वळवले. शिकागोकडून घेतलेली आगाऊ रक्कम फेडण्यासाठी शिकागोच्याच व्हाइट सॉक्स संघाचे मालक चार्ल्स कॉमिस्की यांनी हातभार लावला; जॉन्सन शहरात आला तर आपले प्रेक्षक तिकडे वळतील, ही धास्ती त्यांना होती. जॉन्सन वॉशिंग्टनमध्येच राहिला. त्यात निष्ठा किती आणि व्यवहार किती, हे ठरवणे कठीण. पण एकदा राहिल्यावर त्याने कधी तक्रारीचा सूर लावला नाही, हे मात्र सर्वमान्य आहे.

त्याच्या स्वभावाबद्दल मित्र आणि प्रतिस्पर्धी यांच्यात मतभेद नव्हता. तो मद्य घेत नसे, शिव्या देत नसे, पंचांशी वाद घालत नसे. सहकाऱ्याच्या हातून चेंडू सुटला तर रागाने पाहतही नसे. आपला चेंडू लागून एखादा फलंदाज मरेल, ही भीती त्याला आयुष्यभर होती. धूर्त कॉबने ही भीती हेरली होती. तो होम प्लेटला खेटून उभा राही आणि जॉन्सन चेंडू बाहेरच्या बाजूला टाकी. ही भीती अनाठायी नव्हती. १९२० मध्ये दुसऱ्या एका पिचरचा चेंडू डोक्याला लागून क्लीव्हलंडच्या रे चॅपमनचा मृत्यू झाला.

१९२० नंतरचा काळ कसोटीचा गेला. त्या वर्षी १ जुलैला बोस्टनविरुद्ध एकही फटका न देता त्याने सामना जिंकला खरा, पण लगेच हात दुखावला आणि हंगाम ८ विजय व १० पराभवांवर संपला. १९२१ मध्ये वडील गेले आणि वर्ष संपता संपता एल्नर ही चिमुरडी मुलगी आजाराने दगावली. १९१४ मध्ये त्याच्याशी विवाहबद्ध झालेली हेझल ही नेवाडाच्या एका काँग्रेस सदस्याची कन्या. पतिपत्नी दोघेही या आघाताने खचली. वेग पूर्वीसारखा राहिला नव्हता. जॉन्सन आता निवृत्त होईल, अशी चर्चा होती.

अशा वेळी १९२४ उजाडले. ग्रिफिथ यांनी संघाची सूत्रे बकी हॅरिस या अवघ्या सत्तावीस वर्षांच्या खेळाडूकडे सोपवली. या निर्णयाची टिंगल झाली. पण त्याच हंगामात वॉशिंग्टनने बेब रूथच्या न्यूयॉर्क यांकीजना मागे टाकून इतिहासात प्रथमच अमेरिकन लीग जिंकली. जॉन्सनने २३ विजय मिळवले आणि लीगमधील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान पटकावला. अठराव्या हंगामात, ३७७ विजयांनंतर, तो वर्ल्ड सीरिजच्या मैदानावर उतरणार होता. साऱ्या देशात त्याच्याविषयी आस्था दाटली होती. वॉशिंग्टनची घरे-दुकानेच नव्हेत, तर तटस्थ शहरेही रेडिओकडे कान लावून बसली.

समोर जॉन मॅग्रॉ यांचा न्यूयॉर्क जायंट्स हा सलग चौथ्यांदा नॅशनल लीग जिंकलेला बलाढ्य संघ होता. ४ ऑक्टोबरला पहिल्या सामन्यात राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज उपस्थित होते. चाहत्यांनी जॉन्सनला मोटारगाडी भेट दिली. त्याने बारा फलंदाजांना स्ट्राइक आउट केले, पण सामना नऊ डावांऐवजी बारा डावांपर्यंत लांबला आणि जायंट्सनी तो ४-३ असा जिंकला. ८ ऑक्टोबरला पाचव्या सामन्यात तर जायंट्सनी त्याच्यावर तेरा फटके मारले. त्यांतले चार अठरा वर्षांच्या फ्रेडी लिंडस्ट्रॉमचे होते. पराभव ६-२ असा झाला. एवढी वर्षे वाट पाहून मिळालेली संधी हातातून निसटली, असे जॉन्सनसह सर्वांनाच वाटले. दुसऱ्या दिवशी टॉम झॅकरीने वॉशिंग्टनला २-१ असा विजय मिळवून दिला आणि मालिका ३-३ अशी बरोबरीत आली.

१० ऑक्टोबरच्या निर्णायक सामन्यात हॅरिसने एक डाव टाकला. जायंट्सचा बिल टेरी हा डावखुरा फलंदाज वॉशिंग्टनला सतावत होता. मात्र मॅग्रॉ त्याला उजव्या हाताच्या पिचरविरुद्धच खेळवीत. हॅरिसने उजव्या हाताच्या कर्ली ऑग्डेनला उतरवले, टेरी संघात आला, आणि दोनच फलंदाजांनंतर ऑग्डेनच्या जागी डावखुरा जॉर्ज मोग्रिज चेंडू टाकू लागला. अखेर सहाव्या डावात मॅग्रॉ यांनी टेरीला बदलून आयरिश म्यूसेलला आणले. एकदा बाहेर गेलेला खेळाडू बेसबॉलमध्ये त्या सामन्यात परतू शकत नाही. जायंट्सनी त्याच डावात तीन धावा करून ३-१ अशी आघाडी घेतली. आठव्या डावात दोन गडी बाद असताना हॅरिसने मारलेला साधा जमिनीवरचा फटका तिसऱ्या बेसवरील लिंडस्ट्रॉमच्या डोक्यावरून उसळला आणि दोन धावा निघाल्या. ३-३. नवव्या डावासाठी हॅरिसने चेंडू जॉन्सनच्या हाती दिला.

पाचव्या सामन्यातला मार ताजा होता आणि मध्ये एकाच दिवसाची विश्रांती मिळाली होती. त्या डावात एक गडी बाद असताना फ्रँकी फ्रिशने चेंडू सीमेपर्यंत धाडून तिसरा बेस गाठला. एक धाव आणि बहुधा सारे संपले असते. जॉन्सनने रॉस यंग्जला मुद्दाम पहिला बेस बहाल केला, जॉर्ज केलीला स्ट्राइक आउट केले, आणि ज्या जागी टेरी आला असता त्या जागी आलेल्या म्यूसेलला साध्या फटक्यावर बाद केले. दहावा, अकरावा, बारावा असे पुढचे तिन्ही डाव जायंट्सचे फलंदाज बेसवर पोहोचत राहिले, पण धाव एकही निघाली नाही. जुना वेग परत आल्यासारखा वाटत होता. निदान प्रेक्षकांची तशी खात्री झाली होती.

बाराव्या डावात वॉशिंग्टनचा एक गडी बाद झाला असताना, मालिकाभर चाचपडणाऱ्या मडी रूएलने उंच उडवलेला चेंडू झेलण्यासाठी जायंट्सचा कॅचर हँक गाउडी धावला. त्याचा पाय स्वतःच काढून टाकलेल्या मुखवट्यात अडकला आणि झेल सुटला. जीवदान मिळालेल्या रूएलने पुढे फटका मारून दुसरा बेस गाठला. पाठोपाठ जॉन्सन स्वतः फलंदाजीला आला. त्याचा फटका ट्रॅव्हिस जॅक्सनच्या हातून निसटला आणि तो पहिल्या बेसवर पोहोचला. त्यानंतर अर्ल मॅकनीलीने मारलेला चेंडू पुन्हा लिंडस्ट्रॉमच्याच दिशेने गेला आणि पुन्हा त्याच्या डोक्यावरून उसळला. दोन्ही वेळा चेंडू खड्यावर आदळला, असे सांगतात. रूएल धावत घरी पोहोचला. वॉशिंग्टन ४-३ ने जिंकले आणि विजयी पिचर म्हणून नोंद झाली ती वॉल्टर जॉन्सनची. प्रेक्षक मैदानात घुसले, राजधानीत रात्रभर उत्सव चालला, आणि हरलेल्या संघातील कित्येकांनाही या निकालाचे फारसे वाईट वाटले नाही.

हा न्याय होता की निव्वळ योगायोग? एक मुखवटा, एक निसटलेला चेंडू आणि मैदानावरचे खडे यांनी निकाल ठरवला, हे खरेच. परंतु नवव्या डावात फ्रिश तिसऱ्या बेसवर अडकून पडला नसता, तर त्या खड्यांना काही अर्थ उरला नसता. नशिबाचे दान पडेपर्यंत तग धरणे एवढेच माणसाच्या हाती असते, आणि ते काम जॉन्सन सतरा वर्षे करीत आला होता.

नशिबाने हा हिशेब लवकरच उलटा केला. १९२५ मध्ये वॉशिंग्टन पुन्हा वर्ल्ड सीरिजमध्ये पोहोचले. जॉन्सनने पिट्सबर्गविरुद्ध पहिला व चौथा सामना जिंकला. पण सातव्यात, भर पावसात आणि चिखलात, सहकाऱ्यांच्या चुकांमुळे हातची आघाडी गेली आणि तो ९-७ असा हरला. दमलेल्या जॉन्सनला मैदानावर ठेवल्याबद्दल हॅरिसवर टीका झाली. जॉन्सनने मात्र कोणालाच दोष दिला नाही. १९२७ मध्ये सरावात पाय मोडला आणि त्याच वर्षी तो निवृत्त झाला. ४१७ विजय, ३,५०९ स्ट्राइक आउट आणि प्रतिस्पर्ध्याला एकही धाव न देता पूर्ण केलेले ११० सामने ही त्याची कमाई.

१९३० मध्ये हेझलचे निधन झाले आणि मुलांची जबाबदारी त्याच्यावर आली. वॉशिंग्टन आणि क्लीव्हलंड संघांचा व्यवस्थापक म्हणून त्याने काम केले. या मृदू माणसाला ती भूमिका फारशी मानवली नाही. १९३६ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी निवडल्या गेलेल्या पहिल्या पाच जणांत कॉब, रूथ, होनस वॅग्नर आणि क्रिस्टी मॅथ्यूसन यांच्या जोडीला तो होता. मेरिलंडमधील मॉन्टगोमेरी काउंटीच्या कारभारी मंडळावर तो निवडून आला. १९४० मध्ये काँग्रेसची निवडणूक मात्र हरला. मेंदूतील गाठीच्या आजाराने १० डिसेंबर १९४६ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये त्याचे निधन झाले.

त्याचा स्ट्राइक आउटचा विक्रम १९८३ मध्ये मोडला. ११० चा आकडा मात्र अबाधित आहे. ग्रिफिथ स्टेडियम १९६५ मध्ये पाडले गेले आणि तेथे हॉवर्ड विद्यापीठाचे रुग्णालय उभे राहिले. वॉशिंग्टनचा तो संघही १९६१ च्या हंगामापासून मिनेसोटाचा झाला. त्या शहराला पुढचे अजिंक्यपद पाहण्यासाठी २०१९ पर्यंत, म्हणजे पंचाण्णव वर्षे थांबावे लागले. स्टेडियमवरचे जॉन्सनचे स्मारक आता मेरिलंडमधील बेथेस्डा येथे त्याच्याच नावाने चालणाऱ्या शाळेच्या आवारात आहे.