उघडून पाहणारा माणूस

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रीची वेळ, मांजरसुंब्याचा घाट आणि धो धो पाऊस. गाडीत आम्ही चौघे. खिडक्या बंद, त्यामुळे चौघांच्या श्वासाने पुढची काच आतून धुरकटत चाललेली. अशा वेळी पंखा सुरू करून काचेवर वारा सोडावा लागतो. आमच्या जुन्या गाडीचा पंखा गेले काही महिने पहिल्या तीन नंबरांवर चालतच नव्हता; फिरायचा तो थेट चौथ्यावर. त्या रात्री चौथ्यानेही मान टाकली. एका हाताने चाक आणि दुसऱ्या हाताने फडके धरून मी घाट कसा उतरलो, ते मला आणि शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याने सांगितले की, अख्खा संच बदलावा लागेल. आकडा ऐकून मी गाडी घरी आणली. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा तेव्हा आमच्याकडे राहायला होता. आयटीआय झालेला, पण सध्या स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत मान घालून बसलेला. त्याने पुस्तक मिटले, बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवली आणि तो डाव्या सीटच्या पुढे, पाय ठेवण्याच्या जागी चक्क उताणा शिरला. कप्प्यामागचे तीन स्क्रू काढल्यावर पंखा मोटरसकट हातात आला. पिंजऱ्यासारख्या त्या चाकात लिंबाची वाळलेली पाने, काड्या आणि बीडच्या उन्हाळ्याची सगळी धूळ घट्ट बसली होती.

मग त्याने मला समजावून सांगितले. चौथ्या नंबरावर वीज थेट मोटरला मिळते. खालच्या नंबरांवर ती एका रेझिस्टरमधून जाते. हा रेझिस्टर तापतो आणि त्याला थंड ठेवतो तो त्याच पंख्याचा वारा. चाकात कचरा अडकला की मोटरवर ताण येतो, ती जास्त वीज ओढते, वारा मात्र कमी येतो आणि रेझिस्टर जळतो. म्हणून आधी तीन नंबर गेले. शेवटी चाक पुरते अडकले, तेव्हा फ्यूज उडाला. हिवाळ्यात गाडीत गरम हवा येते तीही याच पंख्यामुळे. इंजिनाचे तापलेले पाणी एका छोट्या रेडिएटरमधून फिरते आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. ब्रशने चाक साफ झाले, मोटरचे कार्बन तपासून झाले, रेझिस्टर नवा आला, फ्यूज मूळच्याच क्षमतेचा बसला. मोठा फ्यूज घालू नये, नाहीतर पुढच्या वेळी वायरिंगच जळेल, हेही त्याने बजावले. दुपारच्या चहापर्यंत पंखा चारही नंबरांवर फिरू लागला.

मी बँकेत तीस-बत्तीस वर्षे काढली. इंजिनांसाठी, मोटारींसाठी, ट्रॅक्टरसाठी कर्जे मंजूर केली. पण एकाही यंत्राचा स्क्रू मी स्वतः फिरवलेला नव्हता. त्या संध्याकाळी मला लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली ती यामुळे.

बीड जिल्ह्यात किर्लोस्कर हे नाव माणसाचे म्हणून नव्हे, तर इंजिनाचे म्हणून आले. विहिरीवरची मोट गेली आणि तिच्या जागी डिझेलचे इंजिन धडधडू लागले, ते आमच्या पिढीच्या लहानपणी. त्या नावामागे एक हाडामांसाचा, अपयशाने पोळलेला माणूस होता, हे मला फार उशिरा कळले.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाला मात्र शाळेच्या पुस्तकांत गोडी नव्हती. त्याला चित्रे काढावीशी वाटत आणि यंत्रे पाहावीशी वाटत. वडिलांचा विरोध होता, पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. तिथे एक विचित्र गोष्ट उघड झाली. त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नव्हते. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणावर याहून मोठा घाव कोणता? पण त्यांनी हाय खाल्ली नाही. ज्या चित्रांना रंग लागत नाहीत, त्या यंत्रांच्या रेखाटनाकडे ते वळले आणि त्यातूनच मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक झाले.

संस्थेत यंत्रे होती, यंत्रांवरची पुस्तके होती. शिकवून झाले की लक्ष्मणराव वर्कशॉपमध्ये रमत. यंत्र सोडवायचे, भाग पाहायचे आणि पुन्हा जुळवायचे, हेच त्यांचे विद्यापीठ. सायकल तेव्हा नवलाईची वस्तू होती. मुंबईहून ते सायकली पाठवीत आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकीत, लोकांना चालवायला शिकवीत. 1888 साली सुरू झालेले हे सायकलींचे दुकान म्हणजेच ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ची सुरुवात.

पुढे संस्थेत त्यांच्या हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली. आपल्याकडचा माणूस अशा वेळी काय करतो? अर्ज करतो, कुढतो आणि पेन्शनीकडे डोळे लावून बसतो. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. सायकली विकता-दुरुस्त करता त्यांनी पवनचक्क्या बसवून देण्याची कामेही केली. आज आमच्या बालाघाटाच्या डोंगरांवर फिरणारी ती प्रचंड पाती पाहताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

मग शेतकऱ्यांच्या गरजेच्या वस्तू करायचे त्यांनी ठरवले. आधी कडबा कापण्याचे यंत्र, नंतर लोखंडी नांगर. नांगराची कथा मी कर्जविभागात असताना वाचली असती, तर फार बरे झाले असते. पहिले चाळीस नांगर तयार झाले आणि दुकानात पडून राहिले. लोखंडाने जमिनीला विष बाधते, असा शेतकऱ्यांचा समज होता. ते चाळीस नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्यातही खोट निघाली. विलायती नांगराच्या मानाने या नांगराचा फाळ मऊ होता, तो लवकर झिजे. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याच्या अडाणीपणाला बोल लावला नाही. त्यांनी फाळाकडे पाहिले आणि तो सुधारला.

एवढ्यात नवे संकट आले. कारखान्याची जागा शहराच्या वाढीसाठी हवी होती, म्हणून बेळगावच्या नगरपालिकेने ती सोडायला सांगितले. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची जमीन दिली आणि 10,000 रुपये कर्जाऊ दिले. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि त्यात नागांची वस्ती. 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी वसू लागली. पुढे त्या स्टेशनालाच गावाचे नाव मिळाले.

या वाडीत कोण माणसे जमली, ते पाहण्यासारखे आहे. शाळेत नापास झालेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनियर झाले. शंभूराव जांभेकरांजवळ पदवी नव्हती, पण यंत्र त्यांच्या हाताखाली मुकाट चालत असे. हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. आणि रात्रीचा पहारा कोणाकडे? दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेल्या तुका रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्याकडे. लक्ष्मणरावांनी यंत्रे जशी पारखली तशीच माणसेही पारखली. बिघडले म्हणून कोणाला भंगारात काढले नाही. वाडीत शिवाशिवीला थारा नव्हता. राधाबाईंनी या वसाहतीचे घरपण सांभाळले.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येईनासे झाले आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. कच्चे लोखंड मिळवताना मात्र नाकी नऊ आले. पुढे भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, उसाचे चरक आणि पंप निघाले. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून आला. 1946 साली पुण्यात डिझेल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटरींचा उद्योग उभा राहिला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, जून 1969 मध्ये, टपाल खात्याने तिकीट काढले आणि पुढच्याच महिन्यात बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. शेतकऱ्याला इंजिनासाठी बँकेचे दार उघडले ते त्यानंतर.

त्या दाराशी मी बसलो होतो, म्हणून एक कबुली द्यायला हवी. दोन वर्षे माल पडून असलेला, जागेवरून उठवलेला आणि निवडुंगाच्या माळावर कारखाना काढायला निघालेला अर्जदार माझ्या टेबलासमोर येता, तर मी त्याचा अर्ज परत केला असता. नियमाप्रमाणे ते बरोबरही ठरले असते. औंधच्या राजाने ताळेबंद पाहिला नाही, हात पाहिले. बँकेला तसे करता येत नाही, हे मला मान्य आहे. पण घराला येते.

माझा भाऊ पोराला अधिकारी करायला निघाला आहे, आणि तसा सल्ला देणारा मीच. तिसऱ्यांदा परीक्षा दे, असे मीच त्याला सांगितले होते. पंखा दुरुस्त झाला त्या रात्री मी त्याला विचारले, तुला खरोखर काय करायचे आहे? बराच वेळ तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला की, हायवेला एक छोटे वर्कशॉप टाकावेसे वाटते. गाडीची वायरिंग, एसी, ब्लोअर अशी कामे. बाबांना सांगायची छाती होत नाही.

भावाला मी सांगितले. तो चार दिवस बोलला नाही. आयटीआयला घातले ते परीक्षेची सोय होईपर्यंत, जन्मभर हात काळे करायला नव्हे, हे त्याचे म्हणणे. आणि कोरडवाहू शेतीत आयुष्य गेलेल्या बापाचे ते म्हणणे मला खोटे म्हणवत नाही. पगाराची ऊब काय असते, ते मी उपभोगले आहे. वर्कशॉप चालेलच, अशी हमीही मी देऊ शकत नाही. पहिले चाळीस नांगर सगळ्यांच्याच वाट्याला येतात.

तरी पोराच्या कर्जाचा प्रकल्प अहवाल मी स्वतः लिहायला घेतला आहे. जामीनदाराच्या रकान्यात माझे नाव घालणार आहे. जामीनदाराचे पुढे काय होते, हे उभ्या जन्मात माझ्याइतके कोणी पाहिले नसेल. तरीही सही करणार आहे.