सँडो : बनियनवर नाव कोरून गेलेला बलवान

बिनबाह्यांचे बनियन घ्यायला दुकानात गेलेला माणूस आजही सँडो मागतो. सँडो हे एका हाडामांसाच्या माणसाचे नाव होते, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी येते. शतकापूर्वी साऱ्या जगाला स्नायूंचे वेड लावणारा युजेन सँडो तो हाच.

त्याचा जन्म 2 एप्रिल 1867 रोजी प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे झाला. मूळ नाव फ्रीडरिक विल्हेल्म म्युलर. लहानपणी आपण अशक्त होतो, वडिलांबरोबर इटलीत गेलो असता प्राचीन वीरांचे पुतळे पाहिले आणि तसेच शरीर कमवण्याचा ध्यास घेतला, असे तो पुढे सांगत असे. या कथेविषयी चरित्रकार साशंक आहेत. सक्तीची लष्करी चाकरी टाळण्यासाठी त्याने देश सोडला आणि सर्कशीची वाट धरली, हे मात्र खरे. ब्रुसेल्समध्ये त्याला प्रोफेसर अटिला या नावाने प्रसिद्ध असलेला गुरू भेटला. अटिलाने त्याच्याकडून जड वजने उचलून घेतली आणि रंगमंचावर वावरण्याची रीतही शिकवली. 1889 मध्ये लंडनमध्ये सॅम्पसन नावाच्या नामांकित बलवानाचे जाहीर आव्हान स्वीकारून सँडोने त्याला हरवले आणि एका रात्रीत तो प्रसिद्धीस आला.

त्याच्या आयुष्याला खरी कलाटणी मिळाली ती अमेरिकेत. 1893 मध्ये फ्लोरेन्झ झीगफेल्ड या तरुण व्यवस्थापकाने त्याला शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या काळात आपल्या वडिलांच्या नाट्यगृहात आणले. सँडो किती वजन उचलतो यापेक्षा त्याचे स्नायू कसे हलतात हे पाहण्यातच प्रेक्षक अधिक रंगतात, हे झीगफेल्डने हेरले होते. मग केवळ देहदर्शन हाच खेळाचा गाभा झाला. अंगाला पांढरी पूड फासून सँडो संगमरवरी पुतळ्यासारखा उभा राही. 1894 मध्ये एडिसनच्या स्टुडिओत त्याचे चलच्चित्रणही झाले. बळ ही तोवर कामातून किंवा कुस्तीतून प्रत्ययाला येणारी गोष्ट होती. सँडोने ती नुसती पाहण्याची गोष्ट केली.

आजच्या व्यायामशाळांत ज्यांना बल्किंग आणि कटिंग म्हणतात, ते दोन टप्पे याच दृष्टीतून समजून घ्यावे लागतात. पहिल्या टप्प्यात खर्चापेक्षा अधिक आहार घेऊन आणि वजने क्रमाक्रमाने वाढवून स्नायू भरायचे. त्याबरोबर थोडी चरबी वाढतेच. दुसऱ्यात प्रथिने आणि वजनांचा सराव कायम ठेवून आहार बेताने घटवायचा, म्हणजे चरबी उतरून कमावलेला स्नायू नजरेस पडतो. ओझे उचलणाऱ्याला या दुसऱ्या टप्प्याची गरज नसते. ती गरज निर्माण होते पाहणाऱ्यासाठी.

1897 मध्ये सँडोने लंडनमध्ये शारीरिक संवर्धनाची संस्था काढली. पाठोपाठ मासिक, पुस्तके आणि टपालाने शिक्षण सुरू केले. त्याच्या पद्धतीत हलके डंबेल आणि मनाची एकाग्रता यांवर भर होता. कारकून, दुकानदार, विद्यार्थी अशा सामान्य माणसांना तिच्यामुळे व्यायामाची गोडी लागली, हे त्याचे मोठे श्रेय. पण त्याचे स्वतःचे शरीर घडले होते ते अटिलाच्या जड वजनांवर. विकलेला मार्ग आणि चाललेला मार्ग यांतील हे अंतर शरीरसौष्ठवाच्या व्यापारात तेव्हापासून आहे. छायाचित्रातील देहामागे कोणता आहार आणि किती वर्षे आहेत, हे पाहणाऱ्याला क्वचितच सांगितले जाते.

तरीही त्याची कसोटी उथळ नव्हती. 14 सप्टेंबर 1901 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने भरवलेल्या स्पर्धेत परीक्षक म्हणून त्याच्यासोबत शिल्पकार चार्ल्स लॉज आणि लेखक आर्थर कॉनन डॉयल होते. केवळ स्नायूंच्या आकाराला तेथे पारितोषिक नव्हते. सर्वांगाचा तोल, प्रकृती आणि त्वचेचे तेजही पाहिले गेले. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे विजयी झाला. त्याला सँडोच्याच देहाची प्रतिकृती असलेली पुतळी मिळाली.

1904-05 च्या सुमारास सँडो हिंदुस्थानात आला. मुंबई आणि कलकत्त्यात त्याचे खेळ झाले. तालमींची जुनी परंपरा असलेल्या या देशातही त्याच्या नावाचा बोलबाला झाला. 1911 मध्ये ब्रिटनच्या राजाने त्याला शारीरिक संवर्धनाचा प्राध्यापक म्हणून मान दिला. पुढे पहिल्या महायुद्धात मात्र त्याच्या जर्मन जन्माकडे संशयाने पाहिले गेले आणि त्याचा कोकोचा धंदाही बुडाला.

14 ऑक्टोबर 1925 रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तो लंडनमध्ये वारला. खड्ड्यात गेलेली मोटार एकट्याने उचलल्यामुळे त्याला मृत्यू आला, अशी कथा पसरली. तीही त्याच्या प्रतिमेला शोभणारीच होती. मिस्टर ऑलिंपियाच्या विजेत्याला 1977 पासून त्याचीच पुतळी दिली जाते. पटनी व्हेल स्मशानभूमीतील त्याच्या कबरीवर मात्र कित्येक दशके साधे नावही नव्हते. ज्याने आयुष्यभर लोकांच्या नजरा स्वतःवर खिळवल्या, त्याच्या विसाव्याची जागा कोणाच्याही नजरेस पडू नये, अशीच राहिली होती.