सेलडोहचे कुमारप्पा : मातीचा जमाखर्च मांडणारा हिशेबनीस

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना सेलू तालुक्यात सेलडोह हे गाव लागतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी शेतीच्या प्रयोगांसाठी 'पण्णै आश्रम' उभारला. पण्णै म्हणजे तमिळमध्ये शेत. लंडनमध्ये शिकलेला हिशेबनीस विदर्भातल्या शेतापर्यंत कसा पोहोचला?

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरमधल्या एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचं शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय केला. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक वित्तव्यवहाराचा अभ्यास केला. १९२९ मध्ये गांधीजींची भेट झाली आणि त्यांची दिशाच बदलली. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत कुमारप्पांनी त्याचा कारभार सांभाळला.

त्या कामातून एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. तेलबिया गावाबाहेर गेल्या की तेलाबरोबर पेंडही जाते. घाणी गावातच चालली, तर पेंड गुरांना मिळते आणि शेणाच्या रूपाने रानात परतते. मातीतून घेतलेलं मातीला परत द्यायचं, तर शेणखत, पालापाचोळा आणि सोनखत वाया घालवून चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

१९४२ च्या आंदोलनात ते तुरुंगात गेले. तिथे लिहिलेल्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या पुस्तकात त्यांनी एक लाख लोकसंख्येसाठी पिकांचं नियोजन मांडलं. माणशी रोज १६ औंस धान्य आणि २ औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम, डाळ त्यांनी धरली होती. बाजारभाव पाहून नव्हे, तर लोकांच्या ताटाकडे पाहून काय पेरायचं ते ठरवावं, हा त्यामागचा विचार होता.

अशा शेतीत कडधान्यांचं महत्त्व मोठं. तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात आणि दाण्यातली प्रथिनं त्याच नत्रातून बनतात. म्हणून या पिकांना वरून नत्र थोडाच लागतो. जास्त दिला तर उलट गाठी कमी धरतात. स्फुरद, जस्त आणि भुसभुशीत, ओल धरणारी माती मात्र हवीच. चांगलं कुजलेलं शेणखत माती सुधारतं आणि ही द्रव्यं हळूहळू पुरवतं. त्यात स्फुरदाचं प्रमाण कमी असल्याने ते भरपूर लागतं, ही त्याची मर्यादा. गावात गुरं कमी झाली की अडचण तिथेच सुरू होते.

ट्रॅक्टर आणि रासायनिक खतांवर कुमारप्पांचा आक्षेप याच मुद्द्यावर होता. बैल काम करतो आणि खतही देतो. कोळसा, खनिज तेल हे मात्र संपणारे साठे आहेत. रोजची भाकरी अशा साठ्यांवर अवलंबून ठेवणं त्यांना धोक्याचं वाटे. पण १९५१ मध्ये सिंद्रीचा खत कारखाना सुरू झाला आणि देशाने दुसरी वाट धरली.

सेलडोहचा प्रयोग फार काळ चालला नाही. प्रकृती खालावल्यावर कुमारप्पा तमिळनाडूत परतले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या स्मृतिदिनीच, त्यांचं निधन झालं. खतांच्या वाढत्या किमती आणि मातीतला घटता सेंद्रिय कर्ब यांची चर्चा आज गावोगाव होते. मातीतून किती काढलं आणि तिला किती परत दिलं, हा कुमारप्पांचा हिशेब त्यामुळेच पुन्हा मांडावा लागतो आहे.