आईने शिकवलेली पंडिता

या महिन्यात आपल्या भित्तिपत्रकावर थोरांची चरित्रे लावायची आहेत. मी पंडिता रमाबाई यांचे चरित्र निवडले आहे. का निवडले ते मी शेवटी सांगते.

पंडिता रमाबाई यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथे झाला. हे ठिकाण आता कर्नाटक राज्यात येते. तिथं सह्याद्रीचं दाट रान आहे. त्यांच्या वडिलांचे नाव अनंतशास्त्री डोंगरे आणि आईचे नाव लक्ष्मीबाई. घरात मराठी बोलत. त्या काळी बायकांनी संस्कृत शिकणे म्हणजे पाप समजत. पण अनंतशास्त्री तरुणपणी पुण्यात शिकत होते, तेव्हा त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवत. ते पाहून आपणही आपल्या बायकोला शिकवायचे असे त्यांनी ठरवले. लोकांनी खूप विरोध केला. मग ते रानात जाऊन राहिले आणि तिथं लक्ष्मीबाईंना शिकवलं.

रमा सहा महिन्यांची झाली तेव्हा त्यांनी ते घर सोडले. घरी यात्रेकरू आणि विद्यार्थी यायचे, सगळ्यांना जेवायला घालायचे, त्यात कर्ज झाले होते. बाळ रमाला वेताच्या पेटीत ठेवले आणि ती पेटी एका माणसाने डोक्यावर घेतली. तेव्हापासून हे कुटुंब गावोगाव फिरत राहिले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे, लोक तांदूळ, पैसे देतील त्यावर पोट भरायचे. आज इथं तर उद्या तिथं.

मग रमा शाळेत कशी जाणार? ती शाळेत गेलीच नाही. वडील म्हातारे झाले होते, म्हणून तिला आईनेच शिकवले. लक्ष्मीबाईंना दिवसभर काम असायचं. म्हणून त्या पहाटे पाखरं बोलायच्या आधी उठत. झोपलेल्या रमाला उचलून मांडीवर घेत, गोड बोलून जागी करत आणि श्लोक शिकवत. जवळ पाटी नाही की पुस्तक नाही. आई म्हणायची, रमाने मागून म्हणायचं. अशी बारा वर्षांची होईपर्यंत रमाला भागवताचे १८,००० श्लोक पाठ झाले. मला एक कविता पाठ करायला चार दिवस लागतात!

पण या शिक्षणात एक कमी होती. वडिलांनी मुलांना फक्त धर्माचे ग्रंथ शिकवले. बाहेरच्या जगातले काही शिकू दिले नाही, हाताचे काम तर नाहीच. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. लोकांनाच खायला नाही, तर पुराण सांगणाऱ्याला कोण देणार? मजुरी करावी तर ती येत नव्हती आणि लाजही वाटत होती. रानातला पाला आणि पाणी यावर त्यांनी दिवस काढले. १८७४ साली आधी वडील वारले आणि थोड्याच दिवसांत आईही वारली. आईला न्यायला माणसे मिळेनात. तेव्हा सोळा वर्षांच्या रमाने स्वतः तिरडीला खांदा दिला. तिची उंची कमी, म्हणून तिने ती डोक्यावर घेतली. हे वाचताना मला रडू आले. नंतर मोठी बहीणही गेली.

मग रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी फिरले. १८७८ साली ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या मोठमोठ्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली. त्यांनी भराभर संस्कृतात उत्तरे दिली. पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. एकही इयत्ता न शिकलेली मुलगी पंडिता झाली!

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास यांच्याशी लग्न केले. त्यांना मनोरमा नावाची मुलगी झाली. पण १८८२ साली पतीही वारले. तरी रमाबाई खचल्या नाहीत. लहान मनोरमाला घेऊन त्या पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. सरकारच्या हंटर आयोगापुढे जाऊन त्यांनी सांगितले, की मुलींना शिकवायला बायका शिक्षिका पाहिजेत आणि बायकांसाठी बाई डॉक्टर पाहिजेत.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथं त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामुळे इथले पुष्कळ लोक त्यांच्यावर रागावले. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. आपल्या जवळच्या कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी तिथं डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे ते पुण्याला नेले. नंतर मोठा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी शेकडो उपाशी मुली आणि बायका केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. तिथं नुसते वाचन नव्हते. विणकाम, शिवण, शेती, छपाई असे सगळे शिकवायचे. मला वाटते, आपल्याला जे आले नाही म्हणून उपाशी राहावे लागले, ते या मुलींना यावे असे त्यांना वाटले असेल. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. बदलापूरहून कर्जतच्या बाजूने जी रेल्वे पुण्याला जाते, तीच लाईन पुढे केडगावला जाते.

आता मी हे चरित्र का निवडले ते सांगते. बाई म्हणाल्या, की आजही काही शहरातले आईबाप मुलांना शाळेत घालत नाहीत, घरीच शिकवतात. मी घरी येऊन आईला विचारले, तू मला शिकवशील का? आई हसली. ती शाळेत गेलेली नाही.

दिवाळी झाली की माझे आईबाबा वीटभट्टीवर जातात. मागच्या वर्षी मीपण गेले होते. चार महिने शाळा बुडाली. आमच्याबरोबर आलेली माझी मैत्रीण तर नंतर शाळेत आलीच नाही. पण मला रोज संध्याकाळी आई पाढे म्हणायला लावायची. तिला पाढे येत नाहीत. पण मी अडखळले की तिला बरोबर कळायचं आणि ती परत पहिल्यापासून म्हणायला सांगायची. विटांची मजुरी हजारावर मिळते, म्हणून तिने मला हजारापर्यंत मोजायलाही शिकवलं. म्हणून मी परत आले तेव्हा पाढ्यांत पहिली आले. पण मराठीचे धडे मात्र मागे राहिले. ते आईला वाचता येत नव्हते आणि मलाही समजत नव्हते.

म्हणून मला वाटते, की रमाबाईंच्या आईला आधी कोणीतरी शिकवलं होतं, म्हणून ती शिकवू शकली. माझ्या आईला कोणी शिकवलं नाही. मग मला शाळाही पाहिजे आणि आईही पाहिजे. या वर्षी मी आजीजवळ गावात राहावे की भट्टीवर जावे, ते अजून ठरलेले नाही. आजी एकटी, तिचे गुडघे दुखतात. आईला माझी काळजी वाटते. भित्तिपत्रक लागलं की मी आईला शाळेत आणून हे वाचून दाखवणार आहे. मग ती काय ते ठरवेल. आणि मी इथंच राहिले, तर आई होळीला घरी येईल तेव्हा तिला तिचं नाव लिहायला शिकवणार आहे.

अशा या थोर पंडिता रमाबाईंना आणि त्यांच्या आईलाही माझे शतशः प्रणाम!

— इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद शाळा, चामटोली