नवाबाने चित्रं परत पाठवली, आज त्याच अमृता शेरगिलचं चित्र ६१ कोटींना जातं

सप्टेंबर २०२३. दिल्लीतल्या एका लिलावात अमृता शेरगिलचं ‘द स्टोरी टेलर’ हे चित्र ६१.८ कोटी रुपयांना विकलं गेलं. लिलावात भारतीय चित्राला तोवर मिळालेली ही सर्वांत मोठी किंमत होती.

पण अमृता जिवंत असताना तिच्या चित्रांना गिऱ्हाईक मिळणं मुश्कील होतं. मग मधल्या काळात असं काय बदललं?

अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ चा, बुडापेस्टमधला. वडील उमराव सिंग शीख सरदार घराण्यातले, आई हंगेरियन. १९२१ मध्ये हे कुटुंब सिमल्याला आलं. १६ व्या वर्षी अमृता चित्रकला शिकायला पॅरिसला गेली. तिथे ‘यंग गर्ल्स’ या चित्राने तिला सुवर्णपदक मिळवून दिलं. नाव होत होतं, पण १९३४ च्या अखेरीस ती भारतात परतली.

इथे आल्यावर तिची चित्रं बदलली. साध्या घरातल्या बायका, उदास चेहरे, सपाट गडद रंग. १९३५ मध्ये सिमल्याच्या प्रदर्शनात तिच्या दहापैकी पाच चित्रांना नकार मिळाला, आणि उरलेल्यांतल्या एकाला बक्षीस. तिने ते बक्षीसच परत केलं.

मुंबईत मात्र कौतुक झालं. कार्ल खंडालावालांसारखा जाणकार समीक्षक तिच्या बाजूने उभा राहिला. १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने तिच्या तीन मुलींच्या चित्राला सुवर्णपदक दिलं. मुंबईहून ती अजिंठ्याला गेली आणि तिथली भित्तिचित्रं पाहून भारावली.

पण कौतुकाने घर चालत नाही. ती चित्रं घेऊन देशभर फिरली. हैदराबादच्या नवाब सालारजंगांनी चित्रं परत पाठवली. म्हैसूरच्या महाराजांनी तिच्याऐवजी राजा रविवर्मांची चित्रं पसंत केली. राजवाड्यांची नजर रविवर्मांच्या देखण्या, हुबेहूब चित्रांना सरावलेली होती. तिथे अमृताच्या उदास बायका कोण टांगणार?

१९३७ मध्येच तिने ‘द स्टोरी टेलर’ रंगवलं. ५ डिसेंबर १९४१ रोजी, लाहोरमधल्या प्रदर्शनाच्या तोंडावर, अवघ्या २८ व्या वर्षी ती गेली.

खरेदीदारांचं गणित इथून बदलत गेलं.

पहिलं कारण म्हणजे तुटवडा. तिची पावणेदोनशेच्या आसपासच चित्रं नोंदलेली आहेत. त्यातली बरीचशी कुटुंबाने सरकारला दिली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत, म्हणजे विक्रीला कधीच येणार नाहीत.

दुसरं, सरकारी शिक्का. १९७६ मध्ये तिच्या चित्रांना राष्ट्रीय कला ठेव्याचा दर्जा मिळाला. त्यामुळे भारतातलं तिचं चित्र विकून कायमचं परदेशी नेता येत नाही. परदेशी गिऱ्हाईक बाद झालं की भाव पडायला हवा. पण खासगी हातात चित्रंच इतकी कमी आहेत, की एखादं बाजारात आलं की देशातले श्रीमंत संग्राहकच एकमेकांवर चढ्या बोली लावतात. पुढचं चित्र कधी येईल, याचा भरवसा नसतो.

तिसरं, बदललेली नजर. स्वातंत्र्यानंतरच्या चित्रकारांनी आणि अभ्यासकांनी तिला आधुनिक भारतीय चित्रकलेच्या सुरुवातीच्या पानावर बसवलं. १९३७ मध्ये चित्र घेणारा एका तरुण मुलीचं विचित्र वाटणारं काम विकत घेत होता. २०२३ मध्ये घेणारा इतिहासाचा तुकडा विकत घेत होता.

२०२५ मध्ये हुसेन यांच्या ‘ग्रामयात्रा’ने ११८ कोटींवर जाऊन तो विक्रम मोडला.

‘द स्टोरी टेलर’मधल्या अंगणात बसलेल्या बायका मात्र १९३७ मध्ये होत्या तशाच आहेत. कॅनव्हासवर एक रेघही वाढलेली नाही. वाढली ती आपली ओळख, आणि ती व्हायला अमृताच्या आयुष्याहून जास्त वर्षं लागली.