ब्लेझ पास्काल: भूमितिवेत्ता व देवभक्त

गवंडी भिंत उभारताना ओळंबा सोडतो, सुतार गुण्या लावून चौकटीचा कोपरा तपासतो आणि शेतकरी बांध सरळ जावा म्हणून दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणतो. या तिघांनी शाळेचे तोंड पाहिले नसले तरी ते भूमितीचाच उपयोग करीत असतात. ताणलेली दोरी ही सरळ रेषा होय, आणि गुण्याचा कोपरा हा काटकोन होय. या शास्त्राची मूळ तत्त्वे एका बारा वर्षांच्या मुलाने कोणी न शिकविता शोधून काढिली, व पुढे त्याच मुलाने आपली सर्व विद्वत्ता प्रभूच्या चरणी वाहिली. त्याचे चरित्र आमच्या वाचकांस, विशेषेकरून खेड्यांत सेवा करणाऱ्या उपदेशक बंधूंस, बोधप्रद होईल.

ब्लेझ पास्काल याचा जन्म फ्रान्स देशातील क्लेरमाँ या गावी ता. १९ जून १६२३ रोजी झाला. तो तीन वर्षांचा असता त्याची आई वारली. त्याचा बाप एत्येन हा सरकारी अंमलदार असून स्वतः चांगला गणिती होता. १६३१ साली तो आपल्या तिन्ही लेकरांस घेऊन पॅरिस शहरी राहावयास गेला, आणि ब्लेझला शाळेत न घालता त्याने घरीच शिकविले. गणिताचा नाद लागल्यास मुलगा लॅटिन व ग्रीक भाषांकडे दुर्लक्ष करील, या भीतीने बापाने गणिताची सर्व पुस्तके दृष्टीआड बंद करून ठेविली. परंतु मुलाने एकदा विचारले की, भूमिती म्हणजे काय? बापाने इतकेच सांगितले की, आकृती बिनचूक काढणे व त्यांची परस्परांशी असलेली प्रमाणे शोधणे, हे त्या शास्त्राचे काम. यापुढे त्याविषयी बोलू नये, अशी ताकीदही दिली.

मुलाला एवढे बीज पुरे झाले. खेळाच्या वेळी तो एकटाच खोलीत बसून कोळशाने फरशीवर आकृती काढू लागला. रेषा, वर्तुळ हे शब्दसुद्धा त्याला ठाऊक नव्हते, म्हणून तो रेषेला दांडी व वर्तुळाला वाटोळे म्हणे. त्याने आपल्याच व्याख्या केल्या, उघड दिसणारी तत्त्वे ठरविली, आणि एका पायरीवरून दुसरीवर असे चढत तो एका मोठ्या सिद्धांतापर्यंत पोहोचला, असे त्याच्या थोरल्या बहिणीने लिहून ठेविले आहे. तो सिद्धांत असा की, कोणत्याही त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी, म्हणजे १८० अंश असते. ख्रिस्ताच्या पूर्वी सुमारे ३०० वर्षे होऊन गेलेल्या युक्लिड या ग्रीक पंडिताच्या पहिल्या पुस्तकात हा ३२वा सिद्धांत आहे.

वाचकांनी हे स्वतः करून पाहावे. कागदाचा एक त्रिकोण कापून त्याचे तीन कोपरे फाडावे, व त्यांची टोके एके ठिकाणी येतील असे ते शेजारी शेजारी मांडावे. बाहेरच्या दोन कडा एका सरळ रेषेत येतील. तथापि एक त्रिकोण फाडून सर्व त्रिकोणांविषयी खात्री होत नाही. म्हणून भूमिती असे करिते: त्रिकोणाच्या शेंड्यातून पायाला समांतर रेषा काढावी. एकाच सपाटीवरील ज्या रेषा कितीही वाढविल्या तरी एकमेकींस मिळत नाहीत, त्या समांतर होत. आता शेंड्यापाशी डावीउजवीकडे जे दोन नवे कोन झाले, ते पायाच्या दोन कोनांबरोबर आहेत, आणि त्यांच्या मध्ये शेंड्याचा कोन आहे. तिघे मिळून सरळ रेषेची एक बाजू भरून काढितात, म्हणून त्यांची बेरीज दोन काटकोन. त्रिकोण लहान असो की मोठा, हे प्रमाण सर्वांस लागू पडते.

बाप अवचित खोलीत आला, आणि मुलाचे काम पाहून त्याला इतके भरून आले की, तो शेजारच्या मित्राकडे जाऊन अश्रू ढाळू लागला. मग त्याने मनाई उठवून मुलाच्या हाती युक्लिडचा ग्रंथ दिला.

पुढे पास्कालची कीर्ती वाढतच गेली. शंकूच्या छेदांपासून होणाऱ्या वक्र आकृतींवर त्याने १६४० साली एक निबंध छापला. करवसुलीच्या हिशेबांनी थकणाऱ्या बापासाठी त्याने १६४२ पासून खटपट करून बेरीज-वजाबाकी करणारे चाकांचे यंत्र तयार केले. १६४८ साली त्याच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने प्वी-द-दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी नेली, तेव्हा माथ्यावर पारा खाली उतरलेला दिसला, आणि हवेला वजन आहे या मताला बळकटी आली.

परंतु इतके सिद्ध करूनही त्याच्या अंतःकरणास विसावा मिळेना. १६४६ साली बाप बर्फावर पडून जायबंदी झाला असता त्याच्यावर उपचार करणाऱ्या दोघा भक्तिमान बंधूंच्या संगतीने त्या घरात धर्मजागृती झाली होती. पण १६५१ साली बाप वारल्यावर पास्कालचे मन पुन्हा जगाकडे ओढले. अखेर ता. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री सुमारे दोन तास देवाने त्याला आपले दर्शन घडविले. पंडितांच्या तर्कातला नव्हे, तर अब्राहाम, इसहाक व याकोब यांचा देव येशू ख्रिस्ताच्या द्वारे आपणांस भेटला, असे त्याने लिहून ठेविले, व तो लेख अंगरख्याच्या अस्तरात शिवून मरेपर्यंत जवळ बाळगिला. त्याच्या मरणानंतरच तो एका नोकराच्या हाती लागला.

तेव्हापासून त्याने बुद्धी टाकून दिली असे नाही. भूमितीच्या रीतीवर लिहिताना त्याने दाखविले की, या निश्चित शास्त्रातही सर्व शब्दांच्या व्याख्या करिता येत नाहीत आणि सर्व तत्त्वे सिद्ध करिता येत नाहीत. मागे मागे जाता शेवटी अशा गोष्टी उरतात की, त्या सिद्ध न करिताच मान्य कराव्या लागतात. ती पहिली सत्ये मनुष्य अंतःकरणाने ओळखतो, आणि मग बुद्धी त्यांवर इमारत उभारते. देवाची ओळखही प्रथम अंतःकरणास होते, असे त्याचे म्हणणे होते.

तो रोमन मंडळीत जन्मला व तिच्यातच मेला. त्याची सर्व मते आमच्या मंडळ्यांस मान्य होतील असे नाही. तथापि पाप सैल करणाऱ्या धर्मगुरूंविरुद्ध त्याने १६५६-५७ साली १८ पत्रे निर्भयपणे लिहिली. १६६२ साली पॅरिसमध्ये थोडक्या भाड्यात बसता येईल अशा घोडागाड्या सुरू करण्यात तो पुढारी होता, आणि त्यातील आपला नफा गरिबांस द्यावा अशी त्याची इच्छा होती. त्याच वर्षी त्याने घरात ठेविलेल्या एका गरीब कुटुंबातील मुलाला देवी आल्या. आजारी लेकराला हलविण्यापेक्षा पास्काल, स्वतः दुखणाईत असूनही, आपलेच घर सोडून बहिणीकडे गेला. तेथेच ता. १९ ऑगस्ट १६६२ रोजी वयाच्या ३९व्या वर्षी तो मरण पावला. त्याने लिहून ठेविलेले धर्मविषयक विचार १६७० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

बंधूंनो, चावडीवर कोणी आपणांस विचारतो की, तुमचा देव सिद्ध करून दाखवा, तेव्हा आपण गोंधळून जाऊ नये. आपल्या मुलांनी भूमिती मन लावून शिकावी, कारण खरे काय व नुसते दिसते काय, हा भेद ती शिकविते. परंतु प्रमाणांनी वाद जिंकिला तरी देव भेटतोच असे नाही. जो त्याला भेटला आहे, त्याने ते साधेपणाने सांगावे, आणि दाराशी आलेल्या गरिबाला घरात जागा द्यावी. पास्कालने दोन्ही केले.