डार्सी थॉम्प्सन आणि कवटीचे गणित

डार्सी वेंटवर्थ थॉम्प्सन यांचा जन्म २ मे १८६० रोजी स्कॉटलंडमधील एडिनबरो शहरी झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची आई निवर्तली. मूल आजोळी वाढले. आजोबा पशुवैद्य, तर वडील ग्रीक भाषेचे अध्यापक. त्यामुळे जनावरे आणि ग्रंथ या दोहोंची गोडी त्यांना एकदमच लागली.

वैद्यकाचा अभ्यास सोडून त्यांनी केंब्रिजला प्राणिशास्त्राचे अध्ययन केले आणि १८८४ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, ते डंडी येथे प्राध्यापक झाले. डंडी हे त्या काळी देवमाशांच्या शिकारीचे बंदर होते. तेथील खलाशांशी स्नेह जोडून त्यांनी दूरदूरचे सांगाडे मिळवले व कॉलेजात संग्रहालय उभारले. अन्यत्र जागेसाठी केलेले अर्ज नाकारले गेले, तरी हा गृहस्थ खचला नाही. १९१० साली त्यांनी ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. भाषा आणि शास्त्र यांचे वाकडे आहे असे समजणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

१९१७ साली त्यांचा वाढ आणि आकार यांवरील थोर ग्रंथ निघाला. त्यातील शेवटची कल्पना मोठी मनोवेधक आहे. चौकटीच्या कागदावर माणसाची कवटी काढावी. मग चौकटीच्या रेषा ठरावीक नियमाने वाकवाव्यात. कवटीही तशीच वाकते व चिंपांझीच्या कवटीजवळ येऊन पोहोचते! आकार बदलतो, कारण शरीर सर्व दिशांनी सारख्या वेगाने वाढत नाही. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या उंचीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढे असते. प्रौढ माणसात ते सुमारे आठवा हिस्साच भरते.

त्यांच्या आकृत्यांत मोजमापापेक्षा नजरेचा अंदाज अधिक होता, हा दोष मान्य केला पाहिजे. पुढे संगणकाने तो पुष्कळसा दूर केला. न्यूट हा दिसण्यात पालीसारखा, पण बेडकाशी नाते सांगणारा प्राणी. त्याचा एक भाऊबंद आपल्याकडे दार्जिलिंगच्या डोंगरांत आढळतो. त्याचे पिल्लू पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेते आणि भक्ष्य पाण्यासकट तोंडात ओढते. प्रौढावस्थेकडे जाताना त्याच्या टाळूची हाडे नव्याने रचली जातात. शास्त्रज्ञ लहानमोठ्या न्यूटांच्या कवट्यांवर खुणेचे बिंदू ठरवून त्यांची स्थाने ताडून पाहतात. कवटी नुसती मोठी होत नाही. मेंदूची पेटी तिच्या मानाने लहान पडत जाते आणि जबडा पुढे सरसावतो. थॉम्प्सनांच्या वाकलेल्या रेषाच त्या, केवळ अधिक काटेकोर.

१९१७ मध्येच ते सेंट अँड्र्यूज विद्यापीठात गेले. १९३७ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, ते सायन्स काँग्रेससाठी दिल्लीस आले होते. मायदेशी परतल्यावर त्यांची प्रकृती ढासळली व २१ जून १९४८ रोजी त्यांचे निधन झाले. प्राध्यापकपदाची चौसष्ट वर्षे भरली होती आणि ते पद त्यांनी अखेरपर्यंत सोडले नव्हते.